लंबकाच्या प्रयोगाला काय घ्यावं: ओळंबा, मोबाईल की सिम्युलेशन?

मुलांनी स्वतः शोध घेत विज्ञान शिकायचं असं ठरलं, की स्टाफरूममधली चर्चा थेट टॅब आणि प्रोजेक्टरवर जाते. पैसे तिकडे वळवण्याआधी एकच प्रयोग तीन तऱ्हांनी करून बघा. त्यासाठी लंबक मला फार आवडतो, कारण प्रश्न मुलंच विचारतात. 'सर, जड बांधलं तर लवकर परत येईल ना?' 'मोठा झोका दिला तर वेळ जास्त लागणारच!'

पहिली तऱ्हा जुनीच. दोरा, गवंड्याचा ओळंबा आणि स्टॉपवॉच. एक मीटर लांबीच्या लंबकाचं एक आंदोलन, म्हणजे जाऊन परत येणं, साधारण २ सेकंदांचं. बटण दाबताना हाताची चूक ०.२ सेकंदांची सहज होते, म्हणजे एकच आंदोलन मोजलं तर दहा टक्के तिथेच गेले. दहा आंदोलनं एकदम मोजली तर चूक तेवढीच राहते, पण ती २० सेकंदांत वाटली जाते आणि एका टक्क्यावर येते. हे मी फळ्यावर लिहीत नाही. गटांचे आकडे जुळेनात, की मुलं आपणच तिथवर पोचतात.

एकदा सगळ्यांचे २० सेकंद आले आणि एका गटाचे १८. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा १८. दोरा बदलला, ओळंबा बदलला, तरी तेच. शेवटी शेजारच्या गटातल्या मुलीनं पकडलं: ओळंबा सोडतानाच ते 'एक' म्हणत होते. 'शून्य' म्हणायला हवं होतं. त्यांची आंदोलनं नऊच झाली होती. दुसऱ्या एका गटानं लांबी गाठीपर्यंतच मोजली होती, ओळंब्याच्या मध्यापर्यंत नाही. तास संपला, धडा पुढे सरकला नाही, आणि तो माझ्या बऱ्या तासांपैकी एक होता. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम तीस वर्षं याच भरवशावर चालला: साहित्य साधं, प्रयोग मुलांचा.

दुसरी तऱ्हा मोबाईलची. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे ॲप मोफत आहे आणि फोनमधले सेन्सर मोजमापाला वापरतं. फोन कापडी पिशवीत घालून तोच लंबक म्हणून टांगायचा. मोठ्या झोक्याचा प्रश्न इथे खऱ्या अर्थानं रंगतो. पुस्तकातलं 'दोलनकाल आयामावर अवलंबून नसतो', म्हणजे एका आंदोलनाचा वेळ झोका किती मोठा यावर ठरत नाही, हे फक्त लहान झोक्यांपुरतं खरं. झोका उभ्या रेषेपासून ३० अंशांचा केला तर वेळ सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो. स्टॉपवॉचवर हा फरक हाताच्या चुकीत हरवू शकतो, फोन तो पकडतो. ६० अंशांना मात्र वाढ ७ टक्क्यांवर जाते, ती ओळंब्यालाही दिसते.

अडचण अशी, की ॲपमधल्या लंबकाच्या प्रयोगाला जायरोस्कोप, म्हणजे फोन किती वेगानं फिरतोय ते मोजणारा सेन्सर, लागतो आणि बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो नसतो. आधी तपासा. नसेल तरी ॲपमधलं ध्वनीचं स्टॉपवॉच चालतं; ते एका आवाजाला सुरू होतं, पुढच्या आवाजाला थांबतं, आणि त्याला मायक्रोफोन पुरतो. दोन फोन पाच मीटरवर ठेवायचे, एका टोकाला एकानं टाळी वाजवायची, मग दुसऱ्या टोकाला दुसऱ्यानं. दोन्ही फोनच्या वेळांत जेमतेम ०.०३ सेकंदांचा फरक येतो आणि त्यातून ध्वनीचा वेग निघतो. हे ओळंब्याच्या बापाला जमणार नाही.

तिसरी तऱ्हा सिम्युलेशनची, म्हणजे स्क्रीनवरच्या आभासी प्रयोगाची. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' प्रकल्प २००२ साली भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना नोबेल मिळालं होतं. त्यातली लंबकाची प्रयोगशाळा सुबक आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच. घर्षण शून्य करता येतं, दोरा ताणत नाही, सगळ्या गटांचं उत्तर सारखं. भांडायला काही उरतच नाही. मुलं स्लायडर सरकवतात, आकडा उतरवतात, झालं. तरीही मी ती सोडणार नाही, कारण ओळंबा चंद्रावर नेता येत नाही. तिथे एक मीटरचा लंबक सुमारे ४.९ सेकंद घेतो. शिवाय त्यात 'ग्रह एक्स' आहे, ज्याचं गुरुत्व सांगितलेलंच नाही; दोलनकाल मोजून ते काढायचं. ज्यांनी आधी हातानं मोजलंय ती मुलं तिथेही सवयीनं दहा आंदोलनं मोजतात. ज्यांनी नाही, ती एकच मोजून मोकळी होतात.

तेव्हा पैसे अजिबात नसतील तर ओळंबा, आणि पैसे असले तरी सुरुवात ओळंब्यानंच. जायरोस्कोप असलेले दोन-तीन फोन जमत असतील तर ते दुसऱ्या तासाला, मोठ्या झोक्याचा वाद पेटल्यावर. सिम्युलेशन शेवटी. ज्या शिक्षकाकडे वर्षाला या प्रयोगासाठी एकच तास आहे, त्यानं स्क्रीन उघडूच नये असं माझं मत. सहकाऱ्यांना ते पटत नाही.

शाळेत नेट नसलं तरी अडत नाही. फेटची फाईल घरून उतरवून पेनड्राइव्हवर आणा, ब्राउझरमध्ये उघडते. ओळंबा गवंड्याकडून मागून आणलात तर संध्याकाळच्या आत परत करा, त्याचं काम अडतं.