पुण्यातल्या तापकीर गल्लीतलं लॅपटॉप रिपेअरचं दुकान, पाचपैकी पाच

बाबांचा जुना लॅपटॉप विंडोज १० वाला, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्यावर चढत नाही, म्हणून मी घरीच रुफस (इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर) वापरून लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेनड्राइव्ह बनवला, पण काही केल्या त्यावरून सुरूच होईना, दरवेळी आपलं विंडोजच. घराजवळच्या एका दुकानात दाखवला तर दोन मिनिटांत निकाल, यूएसबी पोर्ट गेलाय, मदरबोर्डचं काम, ४,५०० रुपये. अहो त्याच पोर्टला माऊस मस्त चालत होता! फार राग आला.

मग ऑफिसातल्या एकाने तापकीर गल्लीतलं हे दुकान सांगितलं. गाडी नेऊ नका, मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. जिना अरुंद आहे, बसायला दोनच स्टुलं. काउंटरवरच्या दादांनी स्क्रू ड्रायव्हरला हातही लावला नाही, बायोस (लॅपटॉप सुरू होतानाची सेटिंग्ज) उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बूट मोड (मशीन सुरू व्हायची पद्धत; लेगसी ही जुनी, यूईएफआय ही नवी), लेगसी. म्हणाले, "तुमचा पेनड्राइव्ह यूईएफआयसाठी बनवलाय, मशीन लेगसीत आहे, मग त्याला तो दिसणार कसा?"

लेगसीवालं मशीन ड्राइव्हचा अगदी पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं आणि तिथे जो कोड असेल तो चालवतं. यूईएफआय तसं करत नाही, ते फॅट३२ फॉरमॅटच्या पार्टिशनमध्ये (ड्राइव्हच्या एका भागात) ईएफआय नावाचं फोल्डर शोधतं आणि त्यातली बूटची फाइल उचलतं. मी रुफसमध्ये जीपीटी (ड्राइव्हचे भाग मांडायची नवी, यूईएफआयवाली पद्धत) निवडलं होतं, इतकंच झालं होतं. आणि नुसता मोड बदलून आलो असतो तर जुनं विंडोज उठलं नसतं, कारण लॅपटॉपची डिस्क एमबीआर (जुनी, लेगसीवाली मांडणी) होती. हे त्यांनी आधीच बजावलं, नाहीतर मी घरी जाऊन घाबरलोच असतो.

त्यांनी माझ्याच पेनड्राइव्हवर व्हेंटॉय नावाचं, आयएसओ फाइल थेट सुरू करणारं सॉफ्टवेअर टाकलं (आधीचं सगळं पुसलं जातं, लक्षात ठेवा), त्यात मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये) नुसती कॉपी केली, बायोसमध्ये दोन्ही मोड चालू केले आणि एफ १२ दाबलं तर बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा! एका ओळीच्या आधी यूईएफआय लिहिलेलं, दुसरीच्या आधी काही नाही. ज्या ओळीवर एंटर माराल त्या मोडमध्ये इन्स्टॉल होणार. आजवर मी कुठलीही ओळ निवडायचो हो.

आधी लाइव्ह मिंट (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच) चालू करून बाबांचे सगळे फोटो वेगळ्या हार्डडिस्कवर घेतले, त्याशिवाय दादा पुढे जायलाच तयार नव्हते, हे मला सगळ्यात आवडलं. मग लॅपटॉपची डिस्क पुसून यूईएफआयमध्ये इन्स्टॉल. शेवटी टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) /sys/firmware खाली efi फोल्डर आहे का तेही दाखवलं, असलं म्हणजे मोड बरोबर.

दीड तास गेला, ३०० रुपये घेतले. संध्याकाळी गर्दी असते, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा आणि चार्जर सोबत न्या.