लोहाराचं घर झालं एकदाचं बांधून

लेगोचा मिडीव्हल ब्लॅकस्मिथ, म्हणजे मध्ययुगातला लोहार, 2021 चा आयडियाज सेट (चाहत्यांनी सुचवलेल्या डिझाईनवरून लेगो काढते ते), 2164 पीस. नाशकात कॉलेज रोडला दोनतीन दुकानं पालथी घातली, सगळीकडे लेगोच्या गाड्याच गाड्या, मग एका ऑनलाईन सेलरकडून मागवला तर बॉक्सचा कोपरा असा चेपून आला की कुरिअरवाला द्वारका सर्कलपर्यंत त्याच्यावर बसूनच आला असावा. आतले पीस मात्र सगळे निघाले म्हणून गप्प बसलो. किमतीवरून घरात बोलणी खाल्ली ती वेगळी.

बांधायला मजा आहे पण घाई केली की मेलात. मी खालच्या मजल्यावर एका कोपऱ्यात एक पातळ प्लेट विसरलो, फक्त 3.2 मिलिमीटर, तशा तीन मिळून एक वीट होते, आणि वरचा मजला बसवायला गेलो तर एका बाजूने डुगडुगायला लागला. दोन दिवसांचं काम उलटं सोडवत गेलो, नखांची पार वाट लागली. चूक माझीच.

वरच्या मजल्यांना फिकट भिंत आणि तपकिरी लाकडी पट्ट्या. बाबा चहा घेऊन शेजारी बसले होते, म्हणाले, अरे हा तर कूड! आणि खरंच की, युरोपातली तेव्हाची घरं अशीच, आधी लाकडाचा सांगाडा, मधे काठ्या विणायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची, आपल्या गावाकडे दुसरं काय होतं. त्यानंतर सूचना द्यायचं काम त्यांनी आपणहून घेतलं, मला एक पान शांतपणे बघू दिलं नाही.

सगळ्यात भारी म्हणजे भट्टी. आत लाईटची वीट आहे, दाबली की निखारे पेटल्यासारखे दिसतात, हात काढला की विझले. चार माणसं, घोडा, कुत्रा, बाजूला पानगळीतलं झाड. छप्पर आणि वरचे मजले अख्खे उचलून आत बघता येतं, म्हणून एकदा बांधून शोपीस करायचा सेट नाही हा. लहान मुलासाठी घेऊ नका, डब्यावरच 18 प्लस लिहिलंय.

माझं घोडं अडलंय ते जागेवर. शोकेसमधे ठेवलं तर बसतंय, पण छप्पर उचलायला वर बोटभरसुद्धा जागा नाही, त्यामुळे मधली फळी काढावी लागणार. सुताराला फोन केलाय, रविवारी येतो म्हणालाय, बघू.