चोडणच्या खारफुटीतली सकाळची होडी

मार्चच्या पहिल्या रविवारी, पणजीतल्या एका आयोजकांमार्फत, आम्ही सहाजण गोव्यातल्या चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात होडीने फिरून आलो. माणशी दीड हजार रुपयांत नाश्ता, दुर्बिणी, जाणकार मार्गदर्शक आणि दोन तासांची होडी असे ठरले होते. नाश्ता वेळेवर आला.

पक्षितज्ज्ञ सलीम अली १९८७ साली वारले आणि पुढच्याच वर्षी हे अभयारण्य घोषित झाले. ते जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे असून बेटाच्या पश्चिम टोकाला, मांडवीच्या काठाने पसरले आहे; रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरले की फारसे चालावे लागत नाही. आतल्या वाटेने पायीही हिंडता येते, परंतु खारफुटीचे खरे दर्शन पाण्यातूनच घडते आणि तिथेच या सहलीची गोम आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. असे असताना आयोजकांनी बाराही महिने सकाळी सातचीच वेळ ठेवली आहे. आम्ही निघालो तेव्हा ओहोटी लागून बराच वेळ झाला होता, आणि साडेआठच्या सुमारास होडीवाले काका बांबू टेकून थांबले. ‘उदक देंवलें, आतां भितर वचपाक मेळचें ना,’ एवढेच ते कोंकणीत म्हणाले; म्हणजे पाणी उतरले, आता आत जाता येणार नाही. खारफुटीत शिरणाऱ्या पाण्याच्या ज्या अरुंद फाट्यांसाठी आम्ही आलो होतो, त्यांच्या तोंडाशी नुसता चिखल उरला होता.

मात्र काका होते म्हणून सकाळ वाया गेली नाही. त्यांनी होडी चिखलाच्या कडेला अशी लावून धरली की चार हातांवर निवट्या दिसू लागल्या. पाठीवरचा पर उभारून एकमेकांवर धावणारे हे मासे कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेत उघड्या चिखलावर वावरतात. पलीकडे तुतवार आणि चिखल्या यांचे थवे घाईघाईने चोची मारत होते, कारण उत्तरेकडच्या लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवण्याचे त्यांचे हेच दिवस. एक-दोन चिखल्यांच्या छातीवर विणीच्या हंगामातला विटकरी रंगही चढू लागला होता. मग कांदळाच्या कमानीसारख्या मुळावर पांढऱ्या गळपट्टीचा खंड्या येऊन बसला. त्याने चोचीतला खेकडा मुळावर डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा असा आपटायला सुरुवात केली, आणि नांग्या गळून पडेपर्यंत तो थांबला नाही. काकांनी तिवराचे एक पान तोडून चाटायला दिले; मुळांतून आलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते, हे मी वाचले होते, जिभेला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. बांधावर माशांच्या खवल्यांनी भरलेली पाणमांजराची विष्ठाही त्यांनीच दाखवली. पाणमांजर काही दिसले नाही, मगरही नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. जंगली प्राणी वेळापत्रक पाळत नसतात.

तक्रार आहे ती मार्गदर्शकाबद्दल. तो तरुण नम्र होता, परंतु समुद्रबगळा आणि गायबगळा यांत त्याचा दोनदा घोटाळा झाला, आणि खंड्या समोर असताना तो पुढच्या आठवड्यातल्या सहलीची माहिती सांगत होता. दुर्बिणी सहाजणांत दोनच निघाल्या, त्याही १० × ५० च्या. इतकी जड, दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण डुलत्या होडीत हातात स्थिर राहत नाही, त्यामुळे पक्ष्याऐवजी पक्ष्याची थरथर दिसते. माझी स्वतःची ८ × ४२ ची, म्हणजे आठपट दाखवणारी आणि हलकी होती म्हणून निभावले. ज्यांच्याकडे स्वतःची नव्हती, त्यांनी दोन तासांतला निम्मा वेळ आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात घालवला.

याच काळात जाणार असाल तर नोंदणीपूर्वी त्या तारखेच्या भरतीची वेळ पाहावी आणि भरती अर्ध्यावर असताना होडी निघेल असे आयोजकांकडून कबूल करून घ्यावे, कारण तेव्हा आतले फाटे वल्हवण्यापुरते भरलेले असतात आणि चिखलाचे पट्टे अजून पुरते बुडालेले नसतात. आमच्या आयोजकांना मी हेच कळवले. सातची वेळ नाश्त्याच्या दृष्टीने सोयीची पडते, असे त्यांचे उत्तर आले.