पळणारा नवखा क्वार्टरबॅक: थेट स्टार्टर की मोजके प्लेज?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये पहिल्याच वर्षाचा पळणारा क्वार्टरबॅक (चाल सुरू करणारा आणि पास टाकणारा खेळाडू, पण हा स्वतःही बॉल घेऊन पळतो) हाताशी आला की कोचला ठरवावं लागतं, टीम त्याच्याकडेच द्यायची की थोडं थोडं, मोजक्या प्लेजपुरतं (चालींपुरतं) खेळवायचं. फ्लोरिडाने 2006 मध्ये दुसरं केलं. स्टार्टर (सुरुवातीपासून खेळणारा) सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाचा, ख्रिस लीकच, आणि नवखा टिम टीबो यायचा तो शॉर्ट यार्डेजला (थोडेच यार्ड्स हवे असताना), गोल लाइनजवळ, जी ओलांडली की टचडाउन. एलएसयू (लुइझियाना स्टेट) विरुद्धचा तो जंप पास बघाच, 1 यार्ड बाकी, सगळ्यांना वाटलं हा घुसणार, म्हणून डिफेन्स पुढे सरकला आणि याने उडी मारून अलगद बॉल टाकला, टचडाउन! त्या सीझनला फ्लोरिडा चॅम्पियन, आणि पुढच्याच वर्षी टीबोला हाइझमन, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार.

अलाबामाने 2016 मध्ये नवख्या जेलन हर्ट्सला दुसऱ्याच मॅचपासून स्टार्टर केलं. झोन रीड या चालीत तो डिफेन्सिव्ह एंडकडे (समोरच्या बचावफळीच्या टोकाच्या खेळाडूकडे) बघायचा, एंड रनिंग बॅकमागे (बॉल घेऊन पळणाऱ्या साथीदारामागे) आत गेला की बॉल स्वतःकडे ठेवून बाहेरून पळायचा, असं करत 900 च्या वर यार्ड्स काढले पोराने. पण क्लेमसनविरुद्धच्या फायनलला 31 पैकी 13 च पास पूर्ण झाले. शेवटी 30 यार्ड्स पळून लीड त्यानेच मिळवून दिली होती, तरी मॅच 35-31 गेली.

मला विचाराल तर चांगला सीनियर असेल तर फ्लोरिडाचाच रस्ता, पोराला डिफेन्स वाचायला शिकायला वेळ मिळतो आणि मारही कमी बसतो. फक्त तो आला की रनच होणार हे समोरच्याला कळतं, म्हणून त्याच्या प्लेजमध्ये दोन-तीन पास हवेतच. सीनियर नसेल तर मात्र बिनधास्त खेळवा त्याला.