मॅकशेनचा वाचनतक्ता: पाळकाच्या हाती द्यावा का?

ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सेवेत खचलेल्या पाळकाला, म्हणजे पास्टरला, हमखास दोन सल्ले मिळतात: विश्रांती घ्या आणि वचनात राहा, म्हणजे बायबल वाचत राहा. पहिला सल्ला मंडळीच्या पंच कमिटीच्या हातात असतो. दुसऱ्यासाठी जी साधने मिळतात, त्यांतला एक जुना आणि अजूनही वापरात असलेला, वर्षभराच्या बायबलवाचनाचा तक्ता रॉबर्ट मरे मॅकशेन यांचा. ते स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात सेंट पीटर्स मंडळीचे पाळक होते. 1842 च्या अखेरीस त्यांनी आपल्या मंडळीसाठी हा तक्ता तयार केला आणि 25 मार्च 1843 रोजी, वयाच्या 29 व्या वर्षी, टायफसच्या तापाने ते वारले. नव्या वर्षाचे पहिले तीन महिनेही पुरे झाले नव्हते.

रचना सोपी आहे. रोज चार रकाने: पहिले दोन कौटुंबिक उपासनेसाठी, शेवटचे दोन एकांतासाठी. 1 जानेवारीला उत्पत्ती 1, मत्तय 1, एज्रा 1 आणि प्रेषितांची कृत्ये 1, म्हणजे चार वेगवेगळ्या सुरुवाती. 31 डिसेंबरला 2 इतिहास 36, प्रकटीकरण 22, मलाखी 4 आणि योहान 21. वर्षभरात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा होतात. बायबलचे 1,189 अध्याय, त्यात नव्या कराराचे 260 आणि स्तोत्रांचे 150 पुन्हा धरले की 1,599 होतात. रोजचे साधारण साडेचार. म्हणूनच काही दिवशी दोन छोटी स्तोत्रे एकत्र येतात, तर लूक 1 सारखा लांब अध्याय दोन दिवसांत विभागलेला असतो. सरळ वाचले तर वीस-पंचवीस मिनिटे, थांबत, खुणा करत वाचले तर पाऊण तास.

इतके तर इतर तक्तेही करतात. याची खरी किंमत कळते ती एकाच दिवशी शेजारी येणाऱ्या अध्यायांत. हा शेजार ठरवून केलेला असेल असे वाटत नाही. रकाने आपापल्या वेगाने पुढे सरकतात आणि जोड्या आपोआप पडतात. पण पाळकासाठी त्या विलक्षण पडल्या आहेत.

मार्च पाहा. 2 मार्चला करिंथकरांस दुसरे पत्र सुरू होते, आणि त्याच दिवशी ईयोब 31. दोन्ही एकांताच्या रकान्यांत. 12 मार्चला या पत्राचा लेखक पौल याने सोसलेल्या छळाची यादी येते: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटले, आणि या सगळ्यानंतर, रोज मनावर येणारा मंडळ्यांच्या चिंतेचा भार. 13 मार्चला ईयोब 42 आणि 2 करिंथ 12 एकत्र. ईयोबाला गेलेले दुप्पट परत मिळते. पौलाने तीनदा विनवूनही त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघत नाही, कृपा पुरेशी असल्याचे उत्तर तेवढे मिळते. ज्या पाळकाची मंडळी फुटली आहे, किंवा ज्याच्यावर खोटा आळ आला आहे, त्याला कोणी फक्त ईयोबाचा शेवट सांगत राहिले तर ती फसवणूक होते. फक्त काट्याचे सांगितले तर परतफेडीची आशाच सोडून द्यावी असे वाटू लागते. इथे दोन्ही अध्याय अर्ध्या तासात, कोणाच्याही टिप्पणीविना समोर येतात.

हेच पत्र सप्टेंबरमध्ये पुन्हा येते, पण या वेळी कुटुंबाच्या रकान्यात. शेजारी 2 शमुवेल असते, आणि महिन्याच्या मध्यावर दावीद राजा, त्याचे बथशेबाशी पाप आणि त्याला जाब विचारणारा नाथान संदेष्टा. म्हणजे पाळकाने वसंतात दार लावून वाचलेले दुःख आता पत्नी-मुलांसमोर मोठ्याने वाचायचे, आणि शेजारी देवाने निवडलेल्या पुढाऱ्याचे पतन. घरात यावर बोलणे अवघड जाते. पण पाळकाच्या घरात सेवेचा ताण सगळ्यांना जाणवत असतो आणि शब्दांत कोणीच आणत नाही. तो बोलण्यात आणायला ठरलेला अध्याय हे चांगले निमित्त होते, कारण विषय कोणी मुद्दाम काढलेला नसतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला यहेज्केल 34, कळप सोडून स्वतःलाच चारणारे मेंढपाळ, एकांताच्या रकान्यात येते. तेही योग्यच.

आता दोष. पहिला आणि सर्वांत मोठा: पाळक हा तक्ता उपदेशाची खाण म्हणून वापरू लागतो. चार अध्यायांत रविवारचा मजकूर शोधण्याची सवय लागली की दोन महिन्यांत स्वतःसाठी वाचणे बंद पडते, आणि ते बंद पडले हे लक्षातही येत नाही, कारण खुणा रोज होत असतात. उपाय व्यावहारिक आहे: उपदेशाची वही त्या वेळी खोलीतच ठेवू नये, आणि चालू असलेल्या उपदेशमालेचे पुस्तक एकांताच्या रकान्यात आले तर तो भाग फक्त मोठ्याने वाचून पुढे जावे, टिपणे काढू नयेत.

दुसरा दोष साठलेल्या वाचनाचा. अंत्यविधी, दवाखाना, वाद मिटवण्याच्या बैठका यांत चार-पाच दिवस सहज जातात. मग वीस अध्याय भरून काढण्याचा प्रयत्न होतो आणि तिथेच सगळे थांबते. भरून काढू नये, थेट आजच्या तारखेवर यावे. नवा करार आणि स्तोत्रे यांचे बहुतेक सुटलेले भाग वर्षात पुन्हा येतात. जुन्या कराराचे पुढच्या वर्षी. हे ओझे असह्य होऊ शकते, आणि वाचल्याचा गर्व किंवा नुसती औपचारिकता होऊ शकते, असे खुद्द मॅकशेन यांनीच तक्त्यासोबत लिहून ठेवले आहे.

काही दिवस खरोखर कठीण आहेत. 30 एप्रिलला गणना 7 कुटुंबात वाचायचे असते: 89 वचने, बारा सरदारांचे तेच अर्पण बारा वेळा. लहान मुले असतील तर पहिले आणि शेवटचे अर्पण वाचावे, मधली नावे मुलांकडून म्हणवून घ्यावीत. नोव्हेंबरच्या मध्यापासून 1 इतिहासातल्या वंशावळ्या येतात, नेमक्या नाताळाची तयारी चालू होते तेव्हा. तिथे बरेच जण गळतात.

तक्ता छापील घ्यावा की फोनमधला? छापील, शक्यतो बायबलमध्ये ठेवता येईल अशा कार्डावर. अनेक अॅपमध्ये चारही भाग एका यादीत येतात, कुटुंब आणि एकांत हा भेद पुसला जातो, आणि मागे पडलेल्या दिवसांचा आकडा वाढत जातो. थकलेल्या माणसाला हा आकडा टोचतो.

पूर्ण तक्ता झेपत नसेल तर तो दोन वर्षांत विभागता येतो, आणि इथे रचना खरोखर कामी येते. पहिल्या दोन रकान्यांत किंवा शेवटच्या दोन रकान्यांत, कुठल्याही जोडीत नवा करार आणि स्तोत्रे एकदा पूर्ण होतात. जुन्या कराराचा भाग तेवढा वेगळा असतो. सेवा सोडण्याच्या विचारात असलेल्याने तिसरा-चौथा रकाना आधी घ्यावा. एज्रा, नहेम्या, ईयोब, यिर्मया आणि विलापगीत त्याच बाजूला आहेत. यिर्मया जुलै-ऑगस्टमध्ये येतो आणि सलग सात आठवडे चालतो.

झोप उडाली आहे, रडू थांबत नाही, जगावेसे वाटत नाही, अशी अवस्था असेल तर मात्र तक्ता बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. त्या दिवसांत रोज एक स्तोत्र, तेही दुसऱ्या कोणी वाचून दाखवलेले, पुरे होते.