लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल: चटणीला पैकीच्या पैकी, तळणीला नापास

घाण्याच्या दुकानावर ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ अशी पाटी दिसली तर त्याचे गुण देऊ नका. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, रिफाइंडमध्येही नाही. शिवाय अमेरिकेच्या 2015 च्या आहार मार्गदर्शिकेने कोलेस्टेरॉलची रोजची 300 मिलिग्रॅमची मर्यादाच काढून टाकली. संतृप्त मेदाची (तूप-लोण्यात जास्त असतो तो) रोजच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांची मर्यादा मात्र ठेवली. म्हणजे प्रश्न आता ‘तेल की बिनतेल’ असा नाही, कोणतं आणि किती असा आहे. शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास मोनो-असंतृप्त, म्हणजे हृदयाला बरा समजला जाणारा मेद असतो, संतृप्त साधारण पाचवा हिस्सा. चांगलं आहे, औषध नव्हे. महिन्याआड करडई किंवा मोहरीचं तेल आणलं तर उत्तम.

चव मात्र खरीच वेगळी. लसणाच्या चटणीवर कच्चं तेल आणि सोबत भाकरी, इथे रिफाइंड तेल जवळपासही फिरकत नाही. फोडणीलाही छान, पण धूर निघेपर्यंत तापवू नका. मोहरीचा एक दाणा टाकून बघा. तो तडतडला की पुरे. पुऱ्या-भज्यांना हे तेल घेतलं तर फेस येतो आणि लवकर धूर सुटतो, कारण गाळ आणि चिकट घटक तेलातच राहिलेले असतात. तळलेलं तेल पुन्हापुन्हा तापवणं तर कुठल्याच तेलाला चालत नाही.

घेताना तेलाआधी दाणे बघा. काळपट, बुरशीचे दाणे घाण्यात गेले तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तेलात उतरतं. रिफायनिंगमध्ये ते बहुतांश निघून जातं, घाण्यावर नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून मिरवणारी दुकानं हे सांगत नाहीत.

किलोभर तेलाला सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. पेंडीचे पैसे वजा केले तरी तेलाचा भाव दाण्याच्या दुपटीपेक्षा बराच खाली असेल, तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय असं समजा. भाव लिटरचा की किलोचा, तेही विचारा. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं.

चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर म्हणजे माणशी रोज जेमतेम 23 ग्रॅम, त्यावर जाऊ नका. पंधरा किलोचा डबा स्वस्त पडतो, पण एवढ्या घराला तो पाच महिने पुरतो आणि तोवर तेल खवट होतं. दोन-तीन लिटरच आणा, दोन दिवस निवळू द्या आणि गाळ तळाशी ठेवून वरचं ओतून घ्या.