बे-लीफ की पेंडीन? दोन इंग्रजी शेतघरे

इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समधील सिंगलटन गावात मूळ जागेवरून सोडवून आणलेल्या जुन्या घरांचे खुले संग्रहालय आहे. तिथली ही दोन घरे एकाच फेरीत पाहावीत.

बे-लीफ मूळचे केंटमधले. त्याचा जुना भाग १५व्या शतकाच्या सुरुवातीचा. धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून ते १९६८-६९ मध्ये उतरवून घेतले. मधला दिवाणखाना जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळा आहे. ना माळा, ना धुराडे. जमिनीवरच्या उघड्या चुलीचा धूर वर चढतो आणि छपरातून वाट काढतो. दोन्ही टोकांना मात्र वरच्या खोल्या आहेत, आणि त्या पुढच्या बाजूला तुळयांवर बाहेर झुकलेल्या. मधला भाग त्यामुळे आत गेल्यासारखा दिसतो, पण छप्पर सगळ्यांवर एकच. ओकचा सांगाडा, त्यात कुडाच्या भिंती.

पेंडीन मिडहर्स्टजवळचे, १६०९ चे. इथे घराच्या मधोमध विटांचे धुराडे उभे राहिले आणि सगळा आराखडाच बदलला. धूर कोंडला गेला, म्हणून वर सलग मजला टाकता आला. खिडक्यांना मात्र अजूनही काच नाही, नुसते लाकडी गज.

राहायचे तर पेंडीनच बरे. पण वेळ एकाच घरापुरता असेल, तर मी बे-लीफच सुचवेन. दिवाणखान्यात उभे राहून मान वर केली की छपराची अख्खी जोडणी एका नजरेत दिसते. पेंडीनमध्ये ती मजल्याआड जाते.